रोजची हजेरी

पावसाळ्याआधी गावच्या घराचे नळे बदलायचे होते. त्यासाठी माळा रिकामा करताना पत्र्याची एक जुनी पेटी सापडली. तीत वडिलांचा क्लिक थ्री कॅमेरा आणि एका पाकिटात एकोणीस फोटो होते. आम्ही सगळे सोप्यावर बसून ते पाहू लागलो. काकाची मुंज, आत्याचे लग्न, एका चतुर्थीची माटोळी, आजोबांचा हार घातलेला फोटो. प्रत्येक फोटोला काहीतरी निमित्त होते.

आजी तीन फोटोंत दिसली. तिन्हींत नऊवारी, नाकात नथ आणि कॅमेऱ्याकडे रोखलेली घाबरी नजर. ही आमची आजी नव्हेच. आमची आजी राजांगणात तुळशीपाशी सुपारी कातरत बसायची, विहिरीवर घागर ठेवून शेजारणीशी तासभर बोलायची, चुलीपुढे वाकून फुंकणीने जाळ करायची. त्या आजीचा एकही फोटो नाही. माझ्या मुलीने विचारले, "पणजी अशी रागीट होती?" मला उत्तर देता येईना. ती अजिबात रागीट नव्हती, पण पुरावा कुठला दाखवणार?

मी सरकारी कारकून. पुराव्याशिवाय आमचे पान हलत नाही. दिवस बरा जावो की वाईट, हजेरीपटावर सही झालीच पाहिजे. त्या एकोणीस फोटोंनी मला एका बाईंची आठवण करून दिली. त्यांनी ही हजेरी कॅमेऱ्याने लावली आणि त्या हजेरीतून देशाचा इतिहास उरला. त्या होमाई व्यारावाला. भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून त्यांचे नाव घेतात. पण 'पहिल्या' हा शब्द बाजूला ठेवून त्यांचे आयुष्य पाहिले तर जास्त काही हाती लागते.

होमाईबाईंचा जन्म ९ डिसेंबर १९१३ रोजी गुजरातेत नवसारीला, पारशी कुटुंबात झाला. वडील फिरत्या उर्दू-पारशी नाटक कंपनीत नट. म्हणजे लहानपण गावोगाव हिंडण्यात गेले. पुढे कुटुंब मुंबईला स्थिरावले. सेंट झेवियर्स कॉलेज आणि जे. जे. कलाशाळा असे त्यांचे शिक्षण झाले. तेराव्या वर्षी, १९२६ साली, त्यांची माणेकशा व्यारावालांशी ओळख झाली आणि १९४१ साली लग्न झाले. माणेकशा टाइम्स ऑफ इंडियात हिशेबनीस होते. खतावण्या सांभाळणाऱ्या या माणसाला फोटोग्राफीचे वेड होते आणि होमाईबाई कॅमेरा शिकल्या त्या त्यांच्याकडूनच. कारकुनी करणाऱ्या माणसाच्या हातून असेही काही घडू शकते, हे वाचून मला उगीचच बरे वाटले होते.

सुरुवात अगदी साधी होती. मुंबईच्या एका महिला मंडळाची सहल निघाली होती. होमाईबाईंनी तिचे फोटो काढले आणि १९३८ च्या सुमारास ते बॉम्बे क्रॉनिकलमध्ये छापून आले. एका फोटोला एक रुपया मिळाला. त्यानंतर जे. जे. मधल्या मैत्रिणी, मुंबईचे रस्ते, व्ही. टी. स्टेशन असे त्या टिपत गेल्या. दुसरे महायुद्ध सुरू झाल्यावर इलस्ट्रेटेड वीकलीचे संपादक स्टॅन्ली जेप्सन यांनी त्यांना कामे द्यायला सुरुवात केली. युद्धाच्या धामधुमीतली मुंबई, त्या काळात घराबाहेर पडून नव्या कामांना लागलेल्या बायका हे त्यांचे विषय झाले.

यातली गोम अशी की हे फोटो छापून येत ते माणेकशांच्या नावाने. कॅमेरा बाईच्या हातात, फोटोखाली नाव नवऱ्याचे. होमाईबाईंना तेव्हा कोणी ओळखत नव्हते आणि बाई असले काम करते हे लोकांच्या पचनी पडले नसते. पण त्याच गोष्टीचा एक फायदाही झाला. साडी नेसून कॅमेरा घेतलेल्या या बाईला कोणी गंभीरपणे घेत नसे, त्यामुळे तिला कोणी अडवतही नसे. लोक आपले काम करत राहत आणि ही आपले.

आज हे मुंबईचे फोटो पाहिले की वाटते, यांत 'घडले' असे काहीच नाही. मुली हसताहेत, कोणी बसले आहे, कोणी चालले आहे. तरीही नजर हटत नाही. १९४० च्या आसपासची शिकणारी, स्वतःच्या पायांवर उभी राहू पाहणारी मुंबईची तरुणी कशी उभी राहत होती, कशी हसत होती, हे शंभर पानांचा ग्रंथ वाचून कळणार नाही. त्या वेळी त्या फोटोंची किंमत एक रुपया होती. आज ते फोटो नसते तर काय गमावले असते, याचा हिशेब माणेकशांनाही मांडता आला नसता.

१९४२ साली नवरा-बायको दिल्लीला गेली. ब्रिटिश इन्फर्मेशन सर्व्हिसेसमध्ये दोघांनाही नोकरी होती. दिवसभर नोकरी आणि तिच्या जोडीला बाहेरची कामे. होमाईबाई सायकलवरून कॅमेऱ्याची पिशवी घेऊन दिल्लीभर फिरायच्या. सभा, मेजवान्या, पाहुण्यांचे आगमन, पाहुण्यांचे निर्गमन. अंधारखोलीतले काम बव्हंशी माणेकशा पाहत.

तो काळ आणि आजचा मोबाइल यांतला फरक इथे ध्यानात घ्यायला हवा. स्पीड ग्राफिक हा त्यांचा एक कॅमेरा चांगला वजनदार होता. त्याच्या एका चौकटीत दोनच फिल्म बसत. एक फोटो घेतला की चौकट उलटायची, दुसरा घेतला की चौकट बदलायची. फ्लॅशचा बल्ब एकदाच पेटायचा, मग तो गरम बल्ब काढून नवा बसवायचा. दुसरा कॅमेरा रोलिफ्लेक्स. तो पोटाशी धरून वरून खाली पाहत फोटो घ्यायचा आणि एका रोलात बारा फोटो निघत. त्यामुळे आधी बघायचे, थांबायचे आणि मगच खटका दाबायचा. रोज तिथे असल्याशिवाय हे थांबणे जमत नाही.

म्हणूनच मोठे दिवस आले तेव्हा होमाईबाई तिथे होत्या. जून १९४७ मध्ये फाळणीची योजना मान्य करण्यासाठी काँग्रेसच्या बैठकीत वर झालेले हात त्यांनी टिपले. स्वातंत्र्यानंतर १६ ऑगस्ट १९४७ ला लाल किल्ल्यावर ध्वज चढला, तेव्हाही त्यांचा कॅमेरा होता. माउंटबॅटन यांची पाठवणी, १९५६ साली नथू लामार्गे भारतात आलेले तरुण दलाई लामा, १९६१ साली आलेली इंग्लंडची राणी, १९६४ मधली नेहरूंची अंत्ययात्रा. नेहरू तर त्यांचे आवडते. त्यांतला एक फोटो मला विशेष प्रिय आहे. १९५४ साली नेहरू दिल्लीच्या विमानतळावर बहिणीची, विजयालक्ष्मी पंडितांची, वाट पाहत उभे आहेत आणि शेजारी पाटी आहे, फोटो काढण्यास सक्त मनाई. सरकारी पाट्यांमध्ये आयुष्य गेलेल्या माझ्यासारख्याला याहून सुंदर फोटो कुठला असणार!

पण या सगळ्या हजेरीपटात एक रकाना रिकामा राहिला. ३० जानेवारी १९४८. गांधीजींच्या प्रार्थनासभेचे फोटो घेण्यासाठी होमाईबाई बिर्ला हाउसकडे निघाल्या होत्या. माणेकशांनी त्यांना परत बोलावले. त्यांना चलच्चित्राचा कॅमेरा न्यायचा होता, तेव्हा उद्या दोघे मिळून जाऊ असे ठरले. तो उद्या कधी आलाच नाही. त्याच संध्याकाळी गांधीजींवर गोळ्या झाडल्या गेल्या. अंत्यसंस्काराचे फोटो होमाईबाईंनी घेतले, पण त्या संध्याकाळची चुटपुट त्यांना जन्मभर लागून राहिली.

मी या गोष्टीवर पुष्कळदा विचार केला आहे. त्या दिवशी त्या गेल्या असत्या तर एका भयंकर क्षणाचे चित्र राहिले असते. पण त्या निघाल्या होत्या तेव्हा तो दिवस कोणाच्याच लेखी मोठा नव्हता. ती एक रोजची प्रार्थनासभा होती, 'उद्या गेले तरी चालेल' अशी. कुठला दिवस इतिहास होणार हे सकाळी कोणालाच ठाऊक नसते. आपल्याकडचे पाहा. डिसेंबर १९६१ मधले गोवामुक्तीचे फोटो आपण इतक्या वेळा पाहिले आहेत की ते डोळ्यांपुढे येतात. पण त्या मंगळवारच्या आधीच्या शुक्रवारी म्हापशाचा बाजार कसा भरला होता? मासळी घेऊन कोण बसले होते, कोणाच्या चेहऱ्यावर काळजी होती, कोण नेहमीसारखा पावलीसाठी हुज्जत घालत होता? साडेचारशे वर्षांची एक राजवट चार-पाच दिवसांत संपणार होती आणि लोक नारळ निवडत होते. तो फोटो मला पाहायला मिळाला तर मी शंभर मिरवणुकींचे फोटो त्यावरून ओवाळून टाकीन.

१९६९ साली माणेकशा गेले. पुढच्याच वर्षी होमाईबाईंनी व्यावसायिक फोटोग्राफी सोडली. नव्या छायाचित्रकारांची धक्काबुक्की, पाहुण्यांचा मान न ठेवणे त्यांना सहन होईना. त्यांच्या पिढीचे नियम होते. पोशाख नीट असावा, आपण कोणाच्या मध्ये येऊ नये, कोणाचा अवमान होईल असा फोटो काढू नये. कॅमेरा त्यांनी ठेवला तो ठेवलाच. त्यानंतर चाळीसहून अधिक वर्षे त्या जगल्या.

मुलगा फरूक पिलानीला शिकवत होता. त्याच्याकडे काही वर्षे काढून १९८२ साली दोघे बडोद्याला आली. गायकवाडांचे बडोदे मराठी माणसाला परके नाही. सोयरिकीने, शिक्षणाने, सयाजीरावांच्या आठवणीने ते आपल्याला जवळचे आहे. त्याच शहरात १९८९ साली कर्करोगाने मुलगा गेला आणि होमाईबाई एकट्या उरल्या. बाग करायची, घरातली सुतारकामे स्वतः करायची, जुनी फियाट स्वतः चालवायची असा त्यांचा दिनक्रम होता. त्यांच्या पहिल्या गाडीचा नंबर डीएलडी १३ होता. जन्म १९१३ चा, माणेकशा भेटले तेराव्या वर्षी, म्हणून त्यांनी गमतीने स्वतःचे नाव ठेवले 'डालडा १३'. शेजारच्या माणसांना ही म्हातारी बाई कोण आहे याची बहुधा कल्पनाही नसेल.

मग २००६ साली सबिना गडीहोक यांचे त्यांच्यावरील पुस्तक आले. दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात २०१० साली मोठे प्रदर्शन भरले. २०११ साली पद्मविभूषण मिळाले तेव्हा त्या सत्त्याण्णव वर्षांच्या होत्या. १५ जानेवारी २०१२ रोजी बडोद्यात त्यांचे निधन झाले. जे फोटो एकेकाळी नवऱ्याच्या नावाने छापले गेले होते, ते शेवटी त्यांच्या नावावर जमा झाले. सरकारी भाषेत सांगायचे तर नोंद दुरुस्त झाली, पण सत्तर वर्षांनी.

आता पुन्हा माळ्यावरच्या पेटीकडे येतो. वडिलांचा क्लिक थ्री हा बडोद्यातच तयार होणारा कॅमेरा. न्यू इंडिया इंडस्ट्रीज ही कंपनी आगफासाठी तो बनवत असे. त्यातही रोलिफ्लेक्ससारखाच रोल, तेच बारा फोटो. पण आमच्या घरी ते बारा फोटो जपून ठेवले जात. चतुर्थीला चार, कोणाच्या लग्नाला सहा, उरलेले 'पाहू पुढे'. पैसेही तितकेच होते, त्यात वडिलांचा दोष नाही. साधा दिवस हा फोटोच्या लायकीचा असतो असे आम्हाला कोणी सांगितलेच नव्हते.

माझी अडचण बरोबर उलटी आहे. माझ्या मोबाइलमध्ये काही हजार फोटो आहेत. तेही पाहिले तर वाढदिवस, सहली, देवदर्शन. आणि एकाच्याही मागे नाव-तारीख नाही. पन्नास वर्षांनी कोणी पाहिले तर आमचे आयुष्य म्हणजे नुसता केक कापणे होते असे त्याला वाटेल.

म्हणून परवा एक गोष्ट केली. मंगळवार होता, सण नाही की वार नाही. आई स्वयंपाकघरात आदोळीवर बसून नारळ खवत होती. मी दारात उभा राहून फोटो काढला. ती म्हणाली, "आज कितें आसा रे? केंस तरी उगयूंक दी." मी म्हटले, काही नाही, म्हणूनच.

त्या फोटोची प्रत काढून घेतली. मागे पेन्सिलीने तिचे नाव, तारीख, गावचे घर असे लिहिले आणि ती आजीच्या तीन फोटोंशेजारी पेटीत ठेवली. पेटीत आता वीस फोटो आहेत. तुमच्याही घरी अशी एखादी पेटी असेलच. तिच्यातल्या माणसांना ओळखणारे कोणी घरात आहे तोवर निदान मागे नावे तरी लिहून ठेवा.