ऊतक, मानवी
समान घडणीच्या पेशी व त्यांच्यामधील आधारद्रव्य यांचा विशिष्ट कार्यार्थ झालेला समुदाय. अभिस्तर, संयोजी, स्नायू व तंत्रिका या चारही मुख्य प्रकारांची घडण त्यांच्याकडे सोपविलेल्या कामगिरीस अनुरूप असते : फुप्फुसातील वायुकोशांचे अस्तर एकपदरी व अत्यंत पातळ असल्यामुळेच वायूंची देवघेव सुलभ होते, कंडरेतील कोलॅजन तंतू ताणाच्या दिशेस समांतर असतात, आणि हृत्स्नायूच्या पेशी शाखायुक्त व परस्परसंलग्न असल्याने हृदय एकदिलाने आकुंचन पावते. मेंदूत हा संबंध उघड्या डोळ्यांसही दिसतो. बंगळूर येथील निमहान्स (स्थापना १९७४) या संस्थेच्या संग्रहालयात जतन केलेल्या मेंदूच्या छेदात, संदेशांची छाननी करणारे पेशीबहुल करडे बाह्यक आणि ते शीघ्र वाहून नेणाऱ्या मायलिनवेष्टित तंतूंचा पांढरा अंतर्भाग स्पष्टपणे विलग दिसतात. असे ज्ञान मृतांच्या आप्तांनी केलेल्या दानावरही उभे असते.