आश्रम काढणे आणि आश्रम बांधणे

एम. ए.च्या वर्गात पंडिता रमाबाईंवर बोलत असताना 'रमाबाईंनी केडगावला आश्रम काढला' हे वाक्य माझ्या तोंडून सहज निघून गेले. मागच्या बाकावरून उमदीकडच्या एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, काढला म्हणजे? बांधला कुणी?" वर्ग हसला. मीही हसलो आणि पुढच्या मुद्द्याकडे वळलो. परंतु तो प्रश्न काही पाठ सोडीना.

आपली भाषा मोठी गमतीची आहे. घर आपण बांधतो, देऊळ बांधतो, धर्मशाळा बांधतो. पण शाळा 'काढतो', वर्तमानपत्र 'काढतो', आश्रम 'काढतो'. जणू तो संस्थापकाच्या मनात तयारच होता आणि त्याने तो खिशातून काढून माळावर ठेवला. एकोणिसाव्या शतकातील सुधारणेचा आपला सगळा इतिहास या 'काढणे' क्रियापदाने लिहिलेला आहे. त्यात विचार असतो, विरोध असतो, वादविवाद असतो, संस्थापकाचे तैलचित्र असते. वीट, चुना, पाणी आणि ज्वारी मात्र नसते.

हा प्रश्न जतच्या वर्गात निघावा यात नवल नाही. जत हे डफळ्यांचे संस्थान. १९४८ मध्ये ते विलीन झाले, पुढे दक्षिण सातारा जिल्ह्यात आले आणि १९६० मध्ये त्याच जिल्ह्याचे नाव सांगली झाले. सरकारी कागदावर जिल्ह्याचे नाव बदलले, पण पाऊस बदलला नाही. पूर्व भागातील गावांनी पाण्यासाठी कर्नाटकात जाण्याची भाषा २०१२ मध्ये केली होती आणि २०२२ मध्ये त्यावरून दोन राज्यांत पुन्हा वादंग माजले, हे वाचकांना आठवत असेल. अशा मुलखात कुणी चार भिंती उभ्या करायच्या म्हटले की पहिला प्रश्न येतो तो 'पाण्याचं काय?' हा. देणगीचा आणि ध्येयधोरणाचा प्रश्न त्यानंतर.

पण बांधकामाकडे जाण्यापूर्वी 'अनाथ' या शब्दापाशी थोडे थांबावे लागेल. ज्याचे आईबाप वारले तो अनाथ, असे आपण धरून चालतो. इतिहासात हा अर्थ टिकत नाही. महात्मा फुले यांनी १८६३ मध्ये पुण्यात आपल्या राहत्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले, तेथे जन्मणाऱ्या मुलांच्या आया जिवंत होत्या. जोतीराव-सावित्रीबाईंनी दत्तक घेतलेला यशवंत हा अशाच एका विधवेचा मुलगा. आमच्या जतहून सांगोल्यावरून गेले की पंढरपूर. तेथे १८७५ मध्ये लालशंकर उमियाशंकर या गुजराती न्यायाधीशाने सोडून दिलेल्या मुलांसाठी आश्रम उभा केला आणि पुढे मुंबईच्या प्रार्थना समाजाने तो सांभाळला. तेथेही मुलांच्या आया बहुधा हयात होत्या. मुलाला पदराखाली घेण्याची त्यांना मुभा नव्हती एवढेच. आणि धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ मध्ये जी मंडळी स्थापन केली तिचे नाव 'अनाथ बालिकाश्रम मंडळी' असले, तरी आश्रम होता प्रामुख्याने विधवांचा. म्हणजे मुलाचा नाथ बाप आणि बाईचा नाथ नवरा. ज्याला कुणा पुरुषाचे नाव लावता येत नाही तो अनाथ! हा शब्द मृत्यूपेक्षा नावाविषयी अधिक बोलतो. महाराष्ट्र शासनाने २०१८ मध्ये अनाथांसाठी एक टक्का आरक्षण ठरवले, तेव्हाही अनाथ नेमके कुणाला म्हणायचे, नातेवाईक आणि जात यांचा ठावठिकाणा नसला तरच का, हाच घोळ पुढे आला होता.

फुल्यांची जागा घरातली, पंढरपूरची तीर्थक्षेत्रातली. उघड्या माळावर, खेडेगावात, शेकडो मुलींसाठी शून्यापासून घर बांधण्याचा पहिला मोठा प्रयोग शोधू लागलो की आपण केडगावला येऊन पोहोचतो. पुणे-सोलापूर लोहमार्गावरचे, आजच्या दौंड तालुक्यातले हे गाव.

रमाबाईंची ओळख आपण विद्यार्थ्यांना करून देतो ती कलकत्त्याच्या पंडितांनी गौरविलेली 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हणून, 'स्त्रीधर्मनीति'ची लेखिका म्हणून आणि १८८३ च्या धर्मांतरामुळे वादग्रस्त ठरलेली विदुषी म्हणून. त्यांच्या चरित्राच्या मुळाशी असलेला दुष्काळ आपण एका वाक्यात उरकतो. १८७० च्या दशकात दक्षिणेकडील दुष्काळात अनंतशास्त्री डोंगरे यांचे कुटुंब पायी तीर्थयात्रा करीत फिरत होते. जवळचे सगळे संपले, भीक मागायची लाज वाटली, अंगमेहनतीचे काम येत नव्हते. वडील, आई आणि थोरली बहीण एकामागोमाग गेली; उरले रमा आणि श्रीनिवास. ही हकीकत रमाबाईंनी स्वतः लिहून ठेवली आहे. पुराणे मुखोद्गत असलेल्या माणसाला विहीर खणता येत नाही, हे त्यांना विसाव्या वर्षाच्या आत उपाशीपोटी कळले होते. केडगावच्या प्रत्येक विटेमागे मला ही जाण दिसते.

शारदा सदन ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत सुरू झाले आणि पुढल्याच वर्षी पुण्यात आले. ते चालत असे अमेरिकेतील रमाबाई असोसिएशनच्या मदतीवर आणि त्या मदतीची मुदत होती दहा वर्षांची. मुदत संपल्यावर काय, या चिंतेतून रमाबाईंनी केडगावला सुमारे शंभर एकर जमीन घेतली, फळझाडे लावली, विहिरी खोदविल्या. हेतू साधा होता : बागेच्या उत्पन्नावर सदन चालावे. म्हणजे केडगावला आधी विहीर झाली, झाडे झाली. मुली नंतर आल्या. संस्थांच्या इतिहासात हा क्रम क्वचितच आढळतो.

१८९६-९७ चा दुष्काळ पडला तेव्हा रमाबाई मध्य प्रांतात गेल्या. तेथील मदतकेंद्रांची अवस्था आणि वाटेवरच्या मुलींचे होत असलेले हाल त्यांनी पाहिले. आधी काही थोड्या, मग तीनशेच्या आसपास मुली त्यांनी गोळा केल्या. पण पुण्यात प्लेगने थैमान घातले होते आणि दुष्काळग्रस्त मुलींना शहरात ठेवण्यास अधिकाऱ्यांची मनाई झाली. तेव्हा त्या मुलींना केडगावच्या शेतावर आणले गेले. तंबू आणि तात्पुरती छपरे हाच पहिला आश्रम. पुढे १८९८ मध्ये 'मुक्ती' या नावाने त्याला रूप आले. १८९९-१९०० चा, गुजरातेत 'छप्पनियो' म्हणून ओळखला जाणारा दुष्काळ आला तेव्हा गुजरातेतूनही मुली आल्या आणि केडगावची वस्ती दोन हजारांच्या घरात गेली.

दोन हजार हा आकडा पुस्तकात वाचताना काहीच वाटत नाही. वर्गात आम्ही त्याचा हिशेब फळ्यावर मांडला. पिण्यास, स्वयंपाकास आणि अंग धुण्यास माणशी अवघे दहा लिटर पाणी धरले तरी दिवसाला वीस हजार लिटर; म्हणजे आमच्याकडे उन्हाळ्यात येतात तसे दोन टँकर, रोज, वर्षभर. माणशी दोन वेळच्या मिळून चार भाकरी धरल्या तर आठ हजार भाकरी. तितके दळण जात्यावर. शिवाय उपासमार झालेल्या पोराच्या पोटाला भाकरी लगेच सोसत नाही; त्याला आधी पेज द्यावी लागते, जपून, थोडी थोडी. अनेक मुली आल्या त्या मरणाच्या दारातूनच आणि काही त्यातून परतल्या नाहीत. हा हिशेब आमचा, अंदाजाचा. परंतु तो मांडून झाल्यावर वर्गात जी शांतता पसरली ती रमाबाईंच्या धर्मांतराच्या चर्चेत मी कधी अनुभवली नव्हती.

या मुलींनी केवळ आश्रय घेतला असे नाही. शेती, विणकाम, शिवण, तेलघाणा, दुभती जनावरे, छापखाना ही सगळी कामे त्यांनीच शिकून चालविली. वयस्क आणि अपंग स्त्रियांसाठी प्रीती सदन, फसविल्या गेलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन, मुलांसाठी सदानंद सदन आणि आंधळ्यांसाठी बार्तीमी सदन असे वाडे हळूहळू उभे राहिले. रमाबाईंची कन्या मनोरमा हिने ब्रेल लिपी शिकून घेतली व अंध मुलींना शिकविली. रमाबाईंनी हिब्रू-ग्रीकवरून मराठीत केलेले बायबलचे भाषांतर याच छापखान्यात छापले गेले आणि त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ मध्ये, पूर्ण स्वरूपात बाहेर आले. दुष्काळात उचलून आणलेल्या मुलींच्या हातांनी मराठीतला एवढा मोठा ग्रंथ जुळविला, ही गोष्ट मराठी मुद्रणाच्या इतिहासात ठळकपणे का येत नाही, कोण जाणे!

आता अडचणीच्या प्रश्नाकडे येऊ. भाकरीच्या बदल्यात धर्म घेतला, हा आक्षेप रमाबाईंवर त्यांच्या हयातीतच घेतला गेला. शारदा सदनाच्या प्रार्थनांवरून 'केसरी'ने झोड उठविली होती आणि १८९३ मध्ये रानडे, भांडारकर यांच्यासारख्या सल्लागारांनी संस्थेचा संबंध सोडला होता. शारदा सदन निदान धर्मनिरपेक्षतेचे आश्वासन देऊन सुरू झाले होते. 'मुक्ती' उघडपणे ख्रिस्ती संस्था होती. उपाशी पोटाने आलेल्या दहा-बारा वर्षांच्या मुलीला तेथील प्रार्थनेला 'नाही' म्हणणे शक्य होते का? माझ्या मते नव्हते, आणि रमाबाईंविषयीच्या आदरापोटी हे झाकून ठेवण्याचे कारण नाही. पण या आक्षेपाची दुसरी बाजूही आहे. त्याच दुष्काळात, मुले मिशनऱ्यांच्या हाती जाऊ नयेत म्हणून लाला लजपतराय आणि आर्य समाजाचे कार्यकर्ते मध्य प्रांतातून मुले पंजाबात, फिरोजपूरच्या अनाथालयात नेत होते. एकाच प्रांतातल्या उपाशी पोरांकडे दोन धर्मांचे हात एकाच वेळी पोहोचले! ते परस्परांच्या भीतीने पोहोचले की करुणेने, याचा निवाडा करणे कठीण. पुण्यातून नुसतीच टीका करणाऱ्यांनी मात्र केडगावसारखी एकही विहीर खणली नव्हती, इतके म्हणता येते.

कर्व्यांचे हिंगणे मला या बाबतीत केडगावच्या जवळचे वाटते. तेथेही प्लेगमुळेच शहर सोडावे लागले. रावबहादूर गोखले यांनी दिलेल्या सहा एकर माळावर १९०० मध्ये एक झोपडी उभी राहिली आणि फर्ग्युसनमधले शिकविणे आटोपून कर्वे चिखल तुडवीत तेथे जात. त्या पायपिटीच्या गोष्टी आपण सांगतो. झोपडी शाकारली कुणी, ते सांगत नाही.

आमच्या भागात या परंपरेने वेगळे वळण घेतले. कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या कामाची सुरुवात १९१० च्या सुमारास मिरज तालुक्यातील दुधगावच्या विद्यार्थी आश्रमापासून होते. १९२४ मध्ये साताऱ्यात बोर्डिंग आले आणि १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याला शाहू छत्रपतींचे नाव मिळाले. मुलांच्या धान्यासाठी लक्ष्मीबाईंनी दागिने विकले, शेवटी मंगळसूत्रही, ही कथा सर्वांना ठाऊक आहे. मला महत्त्वाचे वाटते ते वेगळेच. या बोर्डिंगात अनाथ मूल आणि दूरच्या वाडीवरचे गरीब मूल यांच्यात भेद उरला नाही. दोघेही एकाच पंगतीत बसले, दोघांनीही पाणी भरले, भाकऱ्या थापल्या. 'अनाथ' हा शब्द पाटीवरूनच गेला. शब्द गाळून कर्मवीरांनी जे साधले ते पुष्कळदा शब्द मिरवूनही साधत नाही. असो.

खेड्यातल्या बोलीत मात्र या सर्वांसाठी आणखी एक क्रियापद आहे. संस्थापक आश्रम काढतो, गवंडी तो बांधतो आणि चुलता-मामा पोराला तेथे 'टाकतो'. 'बोर्डिंगात टाकलं', असे आमच्याकडे आजही म्हणतात. जत तालुक्यातून ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांची मुले दिवाळीनंतर आजीपाशी राहतात, नाहीतर हंगामी वसतिगृहात. त्यांचे आईबाप धडधाकट असतात, उसाच्या फडात असतात. त्यांना कोणता शब्द लावायचा, हे वर्गात कुणालाच सुचले नाही.

त्या विद्यार्थिनीने सत्राअखेरच्या निबंधासाठी आपल्या गावाजवळच्या एका जुन्या बोर्डिंगची हकीकत लिहून आणली. तेथे पूर्वी स्वयंपाक करणाऱ्या एका म्हाताऱ्या आजींना ती तीन-चार वेळा भेटली होती. संस्थेच्या अहवालात उद्घाटकांचे नाव आहे, देणगीदारांची यादी आहे. आजींना त्यातले एकही नाव आठवले नाही. पहिल्या वर्षी पत्र्याखाली किती पोरे होती, कुणाच्या विहिरीवरून पाणी आणले, विहिरीच्या मालकाने कधी नाही म्हटले आणि मग पोरांनीच दगड फोडून आड कसा खणला, हे त्यांना दिवसवार ठाऊक होते. आड खणणाऱ्यांची नावे त्यांनी सांगितली, ती अकरा आहेत. मुलीने ती निबंधाच्या पहिल्याच पानावर, शीर्षकाच्या खाली लिहिली होती. संस्थापकांचे नाव कुठे आहे, असे मी विचारले, तेव्हा तिने पान उलटून दाखविले.