पायाखालची थरथर

सोलापुरात आगगाडी आली १८६० साली, ती उघड्या माळावरून. रुळांलगतच्या घरांत मालगाडी जाताना मांडणीवरची भांडी किणकिणतात, याचे आपणांस नवल उरलेले नाही. परंतु गाडी दृष्टीसही पडत नाही आणि घर मात्र थरथरते, हा अनुभव निराळाच. लंडनकरांना तो १९०० साली आला.

त्या वर्षी ‘सेंट्रल लंडन रेल्वे’ ही विजेची भुयारी गाडी सुरू झाली आणि मार्गावरील रहिवाशांच्या तक्रारी येऊ लागल्या. हादऱ्यांमुळे सरळ रेघ ओढता येत नाही, असे कचेऱ्यांतील आरेखकांचेही गाऱ्हाणे होते. शासनाने ही कुरकुर झटकून टाकली नाही. १९०१ मध्ये लॉर्ड रॅले या थोर शास्त्रज्ञाच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. दोष सापडला तो इंजिनात. ४४ टनांच्या त्या धुडाचा बहुतेक भार स्प्रिंगांच्या आधाराविना थेट चाकांवर होता. रुळाच्या प्रत्येक खाचखळग्याचा ठोका मातीतून घरांच्या पायापर्यंत पोहोचे. इंजिने काढून डब्यांखालीच मोटारी बसविल्या, तेव्हा १९०३ पासून हादरे पुष्कळच ओसरले.

मुंबईत कुलाबा-वांद्रे-सीप्झ ही ३३.५ किलोमीटरची भुयारी मेट्रो २०२४-२५ मध्ये टप्प्याटप्प्याने सुरू झाली. गिरगाव-काळबादेवीच्या जुन्या वस्तीतून तिचा मार्ग जातो. बोगदा खोदला जात असतानाच, २०१८ साली, पारशी बांधव आपल्या आतश बेहरामांच्या रक्षणासाठी उच्च न्यायालयात गेले. पवित्र अग्नी आणि विहिरी यांविषयीची त्यांची चिंता कित्येकांना अनाठायी वाटली. आपल्या वेदीखालून कोणी बोगदा नेला असता, तर आपण तरी स्वस्थ बसलो असतो काय? न्यायालयाने अखेर काम पुढे नेण्यास परवानगी दिली.

या मार्गावर रुळांखालचे काँक्रीटचे ठोकळे रबरी आवरणात बसविले आहेत. चाकाचा ठोका तेथेच बराचसा जिरतो. शिवाय, जाणवणारे प्रत्येक कंपन भिंतीला तडा पाडते असे नाही. सेकंदाला सुमारे ०.३ मिलिमीटर वेगाचे कंपनही माणसास कळते. नाजूक जुन्या वास्तूंसाठी जर्मन मानकाची मर्यादा सुमारे ३ मिलिमीटरपासून सुरू होते. पण आजाऱ्याची झोप मोडायला भिंत तडकावी लागत नाही. तेव्हा त्या बाजूस राहणाऱ्या आपल्या आप्तांना थरथर जाणवलीच, तर दिवस, वेळ आणि घरातली खोली त्यांनी वहीत टिपून ठेवावी, आणि कंपने यंत्राने मोजून मागावीत.