६१ हंस
६१ हंस हा हंस तारकासमूहातील मंद नारिंगी द्वैती तारा असून तो पृथ्वीपासून सुमारे ११.४ प्रकाशवर्षे दूर आहे. त्याचे घटक सूर्याहून लहान व थंड असून त्यांच्या दृश्यप्रती ५.२ व ६.१ आहेत.

तो आकाशात दरवर्षी ५ विकलांहून अधिक सरकतो. इतकी गती असलेला तारा जवळचा असावा, या तर्काने फ्रीडरिश बेसेल यांनी १८३८ मध्ये त्याचा पराशय मोजून अंतर काढले. ताऱ्याच्या अंतराचे हे पहिले विश्वसनीय मापन मानले जाते. याच समूहातील तेजस्वी डेनेब तारा मात्र शंभर पटींहून अधिक दूर आहे.

ऑक्टोबरच्या प्रारंभी रात्री नऊच्या सुमारास ६१ हंस मीरा-भाईंदरच्या आकाशात उत्तरेस सुमारे ७० अंश उंचीवर असतो. शहरी प्रकाशामुळे तो नुसत्या डोळ्यांनी दिसणे कठीण असले, तरी लहान दुर्बिणीतून दोन्ही घटक वेगळे दिसतात.