पटावरचा आकडा आणि वर्गातली मुले

कोणत्याही छोट्या प्राथमिक शाळेत मुलांचे दोन आकडे असतात. एक पटाचा, दुसरा हजेरीचा. जनरल रजिस्टरमध्ये चढलेले नाव दाखला निघेपर्यंत पटावर राहते. हजेरी मात्र रोज नव्याने मोजावी लागते. या दोहोंत थोडे अंतर असायचेच. पण ते फार वाढले तर कारण शोधायला हवे.

पटाला हळूहळू किंमत येत गेली. १९९५ साली पोषण आहार योजना सुरू झाली, तेव्हा ८० टक्के हजेरी असणाऱ्या मुलाला महिन्याला ३ किलो तांदूळ मिळे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत पहिली ते पाचवीच्या ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक होते. ६१ वे मूल आले की तिसरे पद. एका नावावर एक नोकरी! मापन करणाऱ्याचाच मापनात लाभ असेल, तर चुका एकाच दिशेने होतात. दोन्ही बाजूंच्या चुका एकमेकींना खोडतात. एकाच बाजूच्या साठत जातात.

हे अंतर मोजण्याचे काम नांदेड जिल्ह्यात जिल्हाधिकारी श्रीकर परदेशी यांनी हाती घेतले. पुढे ३ ते ५ ऑक्टोबर २०११ या तीन दिवसांत राज्यभर पटपडताळणी झाली. मोजलेल्या मुलाच्या बोटाला, मतदाराला लावतात तशी शाई लावली गेली. का? तेच मूल दुसऱ्या दिवशी दुसऱ्या शाळेत पुन्हा मोजले जाऊ नये म्हणून. पक्ष्यांच्या पायात कडी अडकवून अभ्यासक त्यांची ओळख ठेवतात, तसाच हा प्रकार. पटावरच्या लाखो नावांमागे मुले सापडली नाहीत.

तरीही या मोजणीला मर्यादा होती. नांदेडमधील मुखेड, कंधार आणि लातूरमधील जळकोट, अहमदपूर या भागांतून अनेक कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात; मुलेही सोबत जातात. ऑक्टोबरच्या आरंभी ही मुले वर्गात दिसतील, जानेवारीत दिसणार नाहीत. ती बोगस नव्हेत. त्यांची शाळा खरोखरच बुडते आहे.

म्हणून एका तारखेचा पट पुरेसा नाही. शिक्षकांनी आपल्या शाळेच्या गेल्या दहा वर्षांच्या हजेरीचा महिनावार आलेख मुलांकडूनच काढून घ्यावा. रेषा दरवर्षी कोणत्या महिन्यात खाली येते ते पाहावे, आणि त्या महिन्याआधीच त्या घरांशी बोलावे.