मठात कामू

केंटकीतल्या गेथसेमनी मठातला ट्रॅपिस्ट साधू थॉमस मर्टन आल्बेर कामू मन लावून वाचत असे. जगाला अर्थ नाही म्हणणारा कामू! (‘अस्तित्ववादी’ हे बिरुद त्याला स्वतःला नको होतं.)

‘प्लेग’ (१९४७) या कादंबरीत फादर पानलू आधी बजावतात, की साथ ही देवाची शिक्षा आहे. मग त्यांच्यासमोर एक मूल तडफडून मरतं. पुढच्या प्रवचनात ते ‘तुम्ही’ सोडून ‘आपण’ म्हणू लागतात. मी दर वेळी तिथेच थांबते.

१९६८मध्ये मर्टनने या कादंबरीवर छोटं भाष्य लिहिलं. दुःखाचं समर्थन करणारा धर्म कामूने नाकारला, ते त्याला पटलं. धर्म एवढाच, हे नाही पटलं. ते वाचायला कामू नव्हता. १९६०च्या जानेवारीत तो मोटार अपघातात गेला होता.