त्रिपदीचे अवयव : चलबदल पद्धती

बीजगणितात एखादी राशी पुन्हापुन्हा येत असेल, तर तिच्या जागी एकच अक्षर मानून वर्गत्रिपदीचे अवयव पाडण्याची रीत. (क्ष² + ३क्ष)² − १४(क्ष² + ३क्ष) + ४० मध्ये क्ष² + ३क्ष = म मानल्यास म² − १४म + ४० = (म − ४)(म − १०) मिळते. मूळ राशी परत घातल्यावर (क्ष + ४)(क्ष − १)(क्ष + ५)(क्ष − २) हे अवयव येतात. कंस आधीच सोडवला, तर क्ष⁴ + ६क्ष³ − ५क्ष² − ४२क्ष + ४० उरते आणि वाट दिसेनाशी होते. विद्यार्थी अनेकदा मूळ राशी परत न घालता ‘म’वरच थांबतात.

पद्धतीला मर्यादाही आहे. क्ष⁴ + क्ष² + १ मध्ये क्ष² = म मानल्यास विवेचक −३ येतो, म्हणजे वास्तव अवयव नाहीत असे वाटते; प्रत्यक्षात क्ष² मिळवून-वजा करून (क्ष² + क्ष + १)(क्ष² − क्ष + १) मिळतात.